जेट्टीचा रस्ता आणि रोजचा सत्यनारायण

आमच्या भागातल्या पर्यटनाचा विकास आमच्या स्वयंपाकघरातल्या बरण्यांमुळे सुरू झाला.

बाबा, म्हणजे विद्याधर, सरकारी खात्याच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झाले आणि घरात आवक-जावक करणारं दुसरं काहीच न सापडल्यामुळे त्यांनी ओट्याचा ताबा घेतला. सगळ्या बरण्यांवर लेबलं चिकटवली आणि वर्णमालेप्रमाणे मांडल्या. जिरं आणि मोहरी यांनी जन्मभर शेजारशेजारी संसार केला होता, त्यांची बदली दोन वेगवेगळ्या फळ्यांवर झाली. तेल तापल्यावर आई मोहरी शोधायला निघायची आणि परत येईपर्यंत कढईतून धूर यायचा. "मोहरी कुठेय?" असं तिने विचारलं की हॉलमधून शांत आवाजात उत्तर यायचं, "म बघ. भच्या पुढे."

आईचं नाव क्षमा आहे. त्यावरून कुणी काही गृहीत धरू नये.

"मिहिर," ती मला एका सकाळी म्हणाली, "सकाळच्या चहापासून दुपारच्या चहापर्यंत ह्यांना घराबाहेर कुठेतरी बसव. कुठेही. नाहीतर मी मालनकडे मुलुंडला जाते, आणि परत कधी येणार ते विचारायचं नाही."

मालन म्हणजे माझी मावशी. आम्ही बोरिवलीला राहतो. बोरिवलीचा माणूस लग्न किंवा मयत असल्याशिवाय मुलुंडला जात नाही. आपण होऊन जाईन म्हणतो तेव्हा प्रकरण हाताबाहेर गेलं आहे असं समजायचं. आईने माळ्यावरची निळी बॅग काढून दारात आणून ठेवली होती. रिकामीच होती, पण चेन उघडी होती.

आता बाबांना बसवायचं कुठे? बागेत त्यांचं पटत नाही, कारण तिथले म्हातारे हसण्याचा व्यायाम करतात आणि बाबांना विनाकारण हसलेलं चालत नाही. वाचनालयात त्यांनी पुस्तकं पुन्हा लावून दिली होती, म्हणून तिथे त्यांना येऊ नका असं सांगण्यात आलं होतं.

उत्तर आमच्या गॅलरीच्या समोरच उभं होतं. आमचं घर तळमजल्यावर आहे आणि गेटला लागून बसस्टॉप. गोराई-मनोरीला जाणारे लोक इथे उतरतात, कारण पुढे थोडं चाललं की जेट्टी लागते आणि जेट्टीवरून पलीकडे बोट जाते. थोडं कुठल्या बाजूला चालायचं, हे मात्र कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून लोक आमच्या गॅलरीच्या गजांना धरून बाबांना विचारतात. आणि बाबा सांगतात. पण बाबांना कुठलीही गोष्ट मध्येच सुरू करणं असभ्य वाटतं, त्यामुळे ते खाडीपासून सुरू करतात. खाडी कशी तयार होते, भरतीचं पाणी आत कुठपर्यंत येतं, आधी होडी वल्ह्यांची होती मग इंजिनाची कशी झाली, असं करत करत ते जेट्टीजवळ येतात. एकदा साताऱ्याचं एक जोडपं बोट चुकल्यामुळे आमच्याकडे चहा घेऊन परत गेलं. त्यांनी समुद्र पाहिला नाही, पण खाडीबद्दल त्यांना आता कुणीही फसवू शकणार नाही.

मी अंधेरीच्या एका कंपनीत युजर एक्सपिरियन्स डिझायनर आहे. याचा अर्थ काय, ते घरात कुणालाही सांगता येत नाही, मलाही. पण लोकांना एखादी गोष्ट पटकन सापडावी अशी सोय करणं, हे माझं काम आहे एवढं नक्की. तेव्हा गेटबाहेर एक टेबल, दोन खुर्च्या, वर छप्पर, 'पर्यटक माहिती केंद्र' अशी पाटी आणि खुर्चीत बाबा. विभागाचा विकास, बाबांना काम, आईला शांतता. मी एक क्यूआर कोडचा उभा फलकही डिझाइन केला. स्कॅन केलं की नकाशा, बोटीच्या वेळा, सगळं. खरं सांगतो, देखणा होता.

सोसायटीत बातमी पसरली आणि सल्ले येऊ लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या पद्मजाकाकू म्हणाल्या, "माहिती काय, फोनवर मिळते रे. पर्यटकाला पिण्याचं पाणी दे आणि बसायला जागा दे." मी म्हटलं, म्हणजे पाणपोई. त्या म्हणाल्या, "हो, मग पाणपोईच कर ना." त्यांचे यजमान म्हणाले की छत्र्या भाड्याने दे. आमचे सेक्रेटरी लवूकाका म्हणाले, "परवानगी काढलंस?"

लवूकाका मूळचे मालवणचे. पूर्वी त्यांचे वडील गिरणीत होते, हे स्वतः कुरियरचा धंदा करतात, आणि गणपतीचा मांडव घालण्याचा अनुभव पाहता त्यांना कुठलीही कचेरी परकी नाही. मी म्हटलं, "काका, फुकट माहिती द्यायला कसली परवानगी?"

ते नुसते हसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

कचेरीतल्या बाईंनी माझा अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली आणि विचारलं, "विकणार काय?"

"काही नाही. माहिती देणार."

"कितीला?"

"फुकट."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "टेबल टाकणार, पाटी लावणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट काहीतरी वाटणार. पक्ष कुठला?"

"मॅडम, पक्ष नाही. माझे वडील आहेत."

"उमेदवार आहेत?"

"रिटायर आहेत."

त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी सांगितलं की वडापाव असता तर बघता आलं असतं, चपला दुरुस्त करणार असतील तर वेगळी खिडकी, पण नुसतं बोलण्यासाठी फूटपाथ देण्याची तरतूद नाही. "नुसतं बोलायला सगळेच येतील," ते म्हणाले, आणि त्यांच्या समोरची रांग बघता ते खोटं नव्हतं. मग पर्यटन खात्यात विचारा असं झालं. पर्यटन खात्याने विचारलं की स्थळ कोणतं. मी म्हटलं, बसस्टॉप. त्यांनी फार सभ्यपणे फोन ठेवला.

मी परत आलो तेव्हा लवूकाका गेटवरच होते. माझा चेहरा बघून त्यांनी मला वडीलकीच्या नात्याने एक शेंगदाण्याची पुडी दिली. "झिला, माहिती केंद्राक परवानगी नाय गावाची. मांडवाक गावतली. सत्यनारायणाचो मांडव म्हणान लिही. माझो हात बसलेलो आसा."

"पण काका, पूजा कुठे करणार आपण?"

"कोण बघूक येता?"

परवानगी दुसऱ्याच दिवशी मिळाली, महिनाभराची. इतक्या लांबलचक सत्यनारायणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

केंद्र सुरू झालं. लवूकाकांच्या मंडळाचं लाल-पिवळं कापड, झालर, खाली टेबल, मागे बाबा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आईने गॅलरीतून बघितलं, आत गेली, आणि बऱ्याच दिवसांनी घरातून रेडिओ ऐकू आला. माझा क्यूआर कोडचा फलक मात्र कुणी स्कॅन केला नाही. लोक त्याला पिशव्या अडकवायचे. एका बाईंनी त्याच्या आडोशाला उभं राहून बाळाचे कपडे बदलले आणि मला म्हणाल्या, "चांगली सोय केलीये हो." युजर एक्सपिरियन्समध्ये याला यश म्हणतात. मला मात्र ते लागलं.

हे सुख फार टिकलं नाही. माहिती देण्याच्या ओघात बाबांनी कुणाला तरी सांगितलं होतं की ह्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईसुद्धा आयुष्य इथे काढून एकदाही पलीकडे गेलेल्या नाहीत. ते पद्मजाकाकूंच्या कानावर गेलं. कचेरीत केंद्राची तक्रार कुणी केली हे कळलं नाही, पण त्या दिवशी पद्मजाकाकू गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या, म्हणजे काहीतरी बघायला मिळणार हे त्यांना ठाऊक होतं.

कचेरीतून एक साहेब आले. परवानगीचा कागद बघितला, मांडव बघितला, टेबलावरचा खाडीचा नकाशा बघितला.

"पूजा कुठाय?"

"होतली आता," लवूकाका अजिबात न डगमगता म्हणाले. "यजमान तयार होतत."

यजमान म्हणजे बाबा. पुढच्या काही मिनिटांत आमच्या सोसायटीने जी धावपळ केली ती आग लागली असती तर केली नसती. चौरंग तळमजल्यावरून, केळीचे खांब मागच्या बागेतून, पाच फळं तिसऱ्या मजल्याच्या फ्रीजमधून. त्यातलं एक ड्रॅगन फ्रूट होतं. देवव्रत, माझा शाळेतला मित्र, पौरोहित्य करतो. त्याला फोन केला तर तो वाकोल्याला वास्तुशांतीत अडकलेला. त्याने फोनवरून संकल्प सांगितला आणि म्हणाला, "पोथी काकांना वाचू दे. फक्त मध्ये खाडी आणू नको म्हणावं."

आणि मी घरात जाऊन आईला म्हणालो, "आई, शिरा."

रेडिओ बंद झाला.

शिरा सव्वा मापाचा झाला, केळं घालून, वर तुपाची धार. साहेबांनी आरतीला टाळ्या वाजवल्या, प्रसाद घेतला, पुन्हा घेतला, आणि हात रुमालाला पुसत म्हणाले, "परवानगी महिन्याची आहे. म्हणजे रोज पूजा दिसली पाहिजे. मी स्वतः येऊन बघणार." इतका कर्तव्यदक्ष अधिकारी मी आजवर पाहिलेला नाही. ते खरंच रोज आले.

अशा रीतीने, गोराई-मनोरीला जाऊ इच्छिणाऱ्या पर्यटकाला माहिती हवी असेल तर आधी सत्यनारायणाची कथा ऐकावी लागू लागली. बाबांनी ही जबाबदारी मनापासून घेतली. कथेचे पाच अध्याय, आणि दोन अध्यायांच्या मधल्या वेळेत पर्यटकांचे प्रश्न. खरी अडचण चौथ्या अध्यायात होती. प्रसाद न घेता वाण्याची मुलगी घाईने किनाऱ्यावर धावत जाते आणि नवऱ्याची नाव बुडते, हे तुम्ही कधीतरी ऐकलं असेलच. पण ज्यांना इथून उठून नावेतच बसायचं आहे, अशा माणसांना हे ऐकवलं की काय होतं ते तुम्ही पाहिलेलं नाही. एकही जण प्रसाद घेतल्याशिवाय उठेना. पोलंडचा एक तरुण होता, त्याला कुणीतरी इंग्रजीत सारांश सांगितला, तर तो दुसऱ्यांदा रांगेत उभा राहिला. परतीच्या फेरीसाठी म्हणाला.

मग शिऱ्यासाठी रिक्षावाले येऊ लागले. मग समोरच्या बँकेतले. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं, 'माहिती सखोल. शिरा अप्रतिम. वेळ काढून जावे.' मी हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी फक्त 'सखोल' हा शब्द पुन्हा वाचायला सांगितला.

आईच्या स्वयंपाकघरात आता घराण्यात कुणी न पाहिलेलं पातेलं आलं होतं. सकाळच्या चहापासून दुपारच्या चहापर्यंत ती रवा भाजत होती. बाबा घरात नव्हते, हे खरं, पण दर अध्यायाला एकदा येऊन तुपाची चौकशी करून जात होते. निळी बॅग दारातून बेडरूममध्ये गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिची चेन बंद होती.

तो रविवार होता. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा तिसऱ्या अध्यायात. तेवढ्यात जेट्टीवरचा निलेश धापा टाकत आला. तो बोटीवर तिकिटं फाडतो.

"मिहिर, यार, काय लावलंय तुम्ही? बोट मोकळी उभी आहे. पब्लिक सगळं इथे. ओहोटी लागली की बोट चिखलात बसेल, मग वाट लागेल माझी."

"तिसरा अध्याय चालू आहे रे. आणखी दोन."

"काकांना सांग ना, शॉर्टमध्ये घ्या."

मी निलेशकडे नुसतं बघितलं. मी सव्वीस वर्षं ह्या माणसाचा मुलगा आहे.

आणि तेव्हाच आई बाहेर आली. चांगली साडी, हातात निळी बॅग. कुणाकडेही न बघता ती बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. मी तिच्यामागे गेलो.

"आई, शिऱ्याचं काय?"

"रवा भाजून ठेवलाय. पुढचं ज्याचं त्याने बघावं."

"परत कधी येशील?"

"विचारायचं नाही म्हटलं होतं ना."

आम्ही दोघं उभे राहिलो. बस येताना दिसत होती. तेवढ्यात लातूरहून आलेलं एक कुटुंब मांडवातल्या गर्दीला वळसा घालून आमच्यापाशी आलं. आजी, दोन मुलं, आणि घामाघूम झालेले एक वडील. त्यांनी आईला विचारलं, "ताई, बोटीला कुठून जायचं?"

"केमिस्टच्या गल्लीतून सरळ. सुक्या मासळीचा वास आला की पोचलात," आई म्हणाली. "पोरांना टोप्या घाला. पलीकडे पहिल्याच रिक्षात बसू नका, थोडं पुढे चाला, भाव उतरतो. आजींना बाथरूमला जायचं असेल तर इथेच बँकेशेजारच्या हॉटेलात जाऊ द्या, स्वच्छ आहे, पुढे नाही. आणि परतीची शेवटची बोट लवकर भरते."

आजींनी डोळे मिटून हात जोडले. मला वाटतं बाथरूमसाठी.

मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या एका मुलीने हे ऐकलं. तिने मैत्रिणीला हलवलं. मग आणखी काही जण वळले. "मावशी, पोहता येतं का तिकडे?" "येतं, पण तू जाऊ नकोस, तुला बघून वाटत नाही." "जेवायला कुठे?" "शाकाहारी की माणसासारखं?" बस आली, थांबली, गेली. आईचा एक पाय तिच्याकडे उचलला गेला होता, पण समोर एक सुरतची बाई होती आणि तिचा प्रश्न अर्धा झाला होता. दुसरी बस आली. तीही गेली. आईने निळी बॅग आडवी टाकली आणि तिच्यावर बसली.

निलेश मागून ओरडला नाही, फक्त म्हणाला, "काकी, बोट भरली. आता जरा थांबवा."

इकडे चौथ्या अध्यायाच्या शेवटी बाबांनी मान वर केली तर मांडव रिकामा. साहेब तेवढे बसले होते, द्रोण हातात घेऊन. बाबांनी बसस्टॉपकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला माझा फलक आठवला, पिशव्या अडकवलेला. मग ते उठले, पोथी कपाळाला लावून मिटली, आणि मला म्हणाले, "शिरा व्हायचाय अजून. तिला उठवू नकोस."

त्या दिवशीचा शिरा बाबांनी केला. खाली लागला होता. साहेबांनी तो दोनदा घेतला.

पुढचे दिवस असेच गेले. आई मांडवात, बाबा ओट्यापाशी. दुपारच्या चहाला आई घरी यायची तेव्हा तिचा घसा बसलेला आणि चेहरा उजळलेला असायचा. बाबा तिच्यासमोर कप ठेवायचे आणि विचारायचे, "आज कुठले कुठले आले?" कुठून सुरू करायचं ते मात्र तिला सांगायचे नाहीत. निळी बॅग आता केंद्राची अधिकृत खुर्ची होती. पद्मजाकाकूसुद्धा एकदा खाली आल्या आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाल्या, "क्षमा, जेट्टी नक्की कुठल्या गल्लीतून गं?"

मग परवानगी संपली.

साहेबांना हे सांगताना खरंच वाईट वाटत होतं. "धार्मिक कार्याला लागोपाठ दुसरी देता येत नाही हो. मांडव काढावा लागेल. नाहीतर कारण बदलून द्या."

"कशाला मिळते मग?" आईने विचारलं.

"लग्नाला मिळते."

मांडवातले सगळे माझ्याकडे वळले. लवूकाका माझ्याकडे रिकाम्या प्लॉटकडे बघावं तसे बघत होते. "ह्याचाच उरकून टाकूया. पोरगी बघतंय मी. कणकवलीची एक आसा." मी म्हटलं की माझी क्लायंटबरोबर मीटिंग आहे. रविवार होता, कुणी लक्ष दिलं नाही.

"त्याचं जमेपर्यंत पावसाळा येईल," आई म्हणाली. "आमचं लावा."

बाबा हातात झारा घेऊन गेटात उभे होते. "क्षमा, आपलं झालंय."

"झालंय ना? मग घाबरता कशाला?"

बाबांनी झारा आडवा केला. झाऱ्यावरचा रवा खाली पडत होता. "तू मुलुंडला जाणार होतीस," ते शेवटी म्हणाले.

"जाणार होते. केंद्र कोण बघेल मग?" मग टेबलावरच्या तुपाच्या डब्याचं झाकण लावत म्हणाली, "आणि शिरा आता खाली लागत नाही तुमचा."

देवव्रतला फोन लावला. तो म्हणाला, साठीशांतीला लोक पुन्हा लग्न लावतातच, शास्त्राला मान्य आहे, बाबांची साठी होऊन गेली असली तरी तो सांभाळून घेईल. साहेबांनी कागदावर कारण लिहिलं, 'विवाह', आणि कंसात 'स्वतःचा'.

लग्नाच्या दिवशी मालनमावशी मुलुंडहून आली. लग्न आहे म्हटल्यावर तिला यावंच लागलं. देवव्रत या वेळी स्वतः हजर होता. बाबा पाटावर, मुंडावळ्या बांधून, शर्टाच्या खिशाला पेन तसंच. मधे अंतरपाट, एका टोकाला लवूकाका, दुसऱ्या टोकाला निलेश, त्याचं अर्धं लक्ष ओहोटीकडे. पलीकडे आई. मी अक्षता वाटत होतो, कारण सुशिक्षित माणसाला लग्नात दुसरं काम देत नाहीत.

पहिलं मंगलाष्टक संपलं आणि बस थांबली. पाठीवर बॅगा घेतलेली चार-पाच मुलं उतरली. समोर पहिला दिसला तो नवरदेव, म्हणून त्यांनी त्यालाच विचारलं, "काका, जेट्टीला कसं जायचं?"

बाबांनी मुंडावळ्या बाजूला केल्या. घसा खाकरला. मी डोळे मिटले. निलेशच्या हातातलं अंतरपाटाचं टोक खाली आलं.

"ते असं आहे," बाबा म्हणाले, आणि थांबले. मग त्यांनी अंतरपाटाकडे बोट केलं. "पलीकडे माझी होणारी बायको आहे. तिला विचारा."

कापडाच्या मागून आवाज आला, "केमिस्टच्या गल्लीतून सरळ. पण अक्षता टाकून जा, बोटीला वेळ आहे."